नकाशातील माणगाव

ओपनहिस्टॉरिकलमॅप हा इंटरनेटवरील ऐतिहासिक नकाशा नाव नोंदवून कोणासही भरता येतो. त्याची कल्पना मोलाची आहे, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. नोंदीस आरंभाची व अंताची तारीख द्यावयाची. काळपट्टी मागे सरकवली की त्या काळचा भूभाग दिसावा, हा हेतू. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. अशा हद्दीला अंततारीख शोभते.

परंतु माणगाव परिषदेचे काय करावे? २१ व २२ मार्च १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली ती भरली. राजर्षी शाहू छत्रपतींनी तेथे उपस्थित राहून, अस्पृश्यांना त्यांचा पुढारी लाभला, असे जाहीर सांगितले. नियमाने नोंद केल्यास काळपट्टी २३ मार्चवर येताच परिषद नाहीशी होते! संस्थानाची हद्द मात्र पुढे २९ वर्षे टिकते. राज्यांच्या सीमांना सोयीच्या साच्यात बहिष्कृतांची सभा दोन दिवसांची पाहुणी ठरते.

महापरिनिब्बान सुत्तात चार संवेजनीय स्थाने सांगितली आहेत. तेथे घटना सरते, स्थान दर्शनीय राहते. हा भेद या नकाशाच्या साच्यात आपोआप उतरत नाही. तो भरणाऱ्यानेच आणावा लागतो.

शिवाय गावासाठी एकच ठिपका काढला, की गाव आणि गावकुसाबाहेरची वस्ती एक होऊन जातात. तारखेच्या चुकीहून ही चूक आम्हांस गंभीर वाटते. परिषदेची नोंद दोन दिवसांची असू द्यावी. सभास्थानाची नोंद निराळी करून तिची अंततारीख रिकामी ठेवावी, आणि आधाराच्या रकान्यात समकालीन वृत्तान्ताचा निर्देश करावा.