पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन: शालेय धड्यात सुटलेला दुवा

शाळेतला अणुरचनेचा धडा आठवा. कवचाच्या क्रमांकाच्या वर्गाची दुप्पट, म्हणजे 2, 8, 18, 32, ही इलेक्ट्रॉनांची कमाल संख्या तुम्ही पाठ केली. लगेच पुढे पोटॅशियमचे संरूपण लिहिले: 2, 8, 8, 1. तिसऱ्या कवचात 18 मावतात, तर एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्यात का गेला? मी प्रथम वर्षाच्या वर्गात हे विचारतो तेव्हा बहुधा एकच उत्तर येते: ‘बाह्यतम कवचात 8 पेक्षा जास्त नसतात.’ हा नियम झाला, कारण नव्हे.

कवचांचे चित्र निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. पहिल्या वीस मूलद्रव्यांची संयुजा त्यातून सहज समजते. माझा आक्षेप आहे तो पुरावा गाळण्यावर. पहिला इलेक्ट्रॉन काढायला अरगॉनला 15.76 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, पोटॅशियमला फक्त 4.34. निऑन आणि सोडियम यांच्यातही अशीच घसरण आहे: 21.56 वरून 5.14. म्हणजे पोटॅशियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन नव्या, दूरच्या कवचात आहे, हे मोजमापच सांगते.

कारण उपकवचांत आहे. 4एस मधला इलेक्ट्रॉन आतल्या इलेक्ट्रॉनांना भेदून केंद्रकाजवळही पोहोचतो. 3डी मधला तितका पोहोचत नाही. म्हणून पोटॅशियममध्ये 4एस ची ऊर्जा कमी ठरते. पुढे स्कँडियमपासून जस्तापर्यंतच्या (अणुअंक 21 ते 30) दहा मूलद्रव्यांत 3डी भरते आणि तिसऱ्या कवचाचे 18 पूर्ण होतात. सूत्र खोटे नव्हते. भरण्याचा क्रम सांगायचा राहिला होता.

धड्याचा दुसरा दोष क्रमाचा. संरूपणावरून आवर्तसारणी तयार झाली, असा समज तो करून देतो. प्रत्यक्षात मेंडेलीव्हची सारणी 1869 ची, इलेक्ट्रॉनचा शोध 1897 चा. सोडियम आणि पोटॅशियम एका गणात बसले ते त्यांच्या गुणधर्मांमुळे. इलेक्ट्रॉनांचा हिशेब नंतर जुळला.

हे सुटल्याची किंमत पुढे मोजावी लागते. लोहाचा अणू आयन होताना आधी 4एस मधले इलेक्ट्रॉन गमावतो, 3डी मधले नाही. ‘शेवटी भरले ते आधी जाते’ असे पाठ करणारा इथे हमखास चुकतो. म्हणून पुढच्या वेळी संरूपण लिहिले की शेजारी आयनीभवन ऊर्जा लिहा, आणि दोन्ही जुळतात का ते स्वतः तपासा.