किश्श्यामागची रांग

(पोफळी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तेवढी तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिलाय ‘जुने राजकारणी आणि आपलं रोजचं जगणं’. म्हणजे मंडळींची अपेक्षा किश्श्यांची असणार, हे उघड आहे. किस्से मी सांगणारच आहे. पण आज मला या किश्श्यांवरच थोडी टीका करायची आहे. कवितेवर करतो, कादंबरीवर करतो, तशीच. कारण राजकारण्याचा किस्सा हा आपल्याकडचा एक वाङ्मयप्रकारच झाला आहे. दिवाळी अंकांत तो असतो, निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणींत असतो, आता मोबाइलवरच्या मुलाखतींतही असतो. आणि त्याची समीक्षा कोणी करत नाही.

या किश्श्याचा साचा बघा. एक सामान्य माणूस कागद घेऊन येतो. अधिकारी नियम दाखवतो. साहेब तो नियम बाजूला सारतात, तिथल्या तिथे सही ठोकतात आणि जाता जाता अशी एक कोटी करतात की सगळे हसतात. किस्सा संपला. नावं बदलतात, जिल्हा बदलतो, साचा तोच.

माझाही असा एक किस्सा आहे. चाळीस वर्षं मी तो सांगत आलो.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. घाटापलीकडे कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. इकडे आमच्या चिऱ्याच्या घराच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. वडिलांनी मातीने तो लिंपला, पण पावसाळ्यात तो पुन्हा उघडायचा. १९८१ साली मी नोकरीत स्थिर झालो होतो. म्हटलं, ही भिंत आता नीट बांधून घेऊ. त्यासाठी वीस पोती सिमेंट हवं होतं.

इथे बसलेल्या तरुण मुलांना सांगावं लागेल, की त्या काळी दुकानात जाऊन सिमेंट विकत घेता येत नसे. भाव सरकार ठरवायचं, वाटप सरकार करायचं. परमिट लागायचं. अर्ज करा, घराचा उतारा जोडा आणि वाट बघा. नाहीतर काळ्या बाजारात भरमसाट पैसे मोजा. आमचा अर्ज सात महिने पडून होता. शेवटी मी मुंबईला एका मंत्र्यांना भेटलो. कोण, ते सांगत नाही. त्यांनी अर्ज वाचला, वर बघितलं आणि म्हणाले, “प्राध्यापक, तत्त्वज्ञानाला सिमेंट कशाला लागतं?” आणि सही केली. (हशा)

बघा, तुम्ही हसलात. चाळीस वर्षं लोक असेच हसत आले. मीही.

पण त्या किश्श्याचा एक भाग मी कधी सांगितला नव्हता. आमच्याच वाडीत एक विधवा बाई राहायच्या. त्यांचाही भूकंपात गेलेला ओटा होता आणि त्यांचाही अर्ज होता. तो माझ्या अर्जाच्या तीन महिने आधीचा, हे मला तेव्हाही माहीत होतं. माझी वीस पोती आली. त्यांची आली नाहीत. मंत्र्यांची सही म्हणजे जास्तीचं सिमेंट नव्हतं. गोदामात होतं तेवढंच होतं. मी रांगेत पुढे गेलो याचा अर्थ कोणीतरी मागे गेलं. किश्श्यात मात्र दोनच माणसं होती, साहेब आणि मी. रांग त्यात नव्हतीच.

माझं म्हणणं एवढंच आहे, की त्या काळातला रंगतदार नेता ही टंचाईची निर्मिती होती. नियमाने काम होत असतं तर नियम मोडणारा माणूस आपल्याला दिलदार वाटलाच नसता. रांग असह्य होती, म्हणून रांगेतून बाहेर ओढून काढणारा हात देवासारखा वाटला.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्या कोकणातलंच आहे. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. सावित्रीकाठच्या आंबेत गावचे. जून १९८० ते जानेवारी १९८२, जेमतेम दीड वर्ष ते मुख्यमंत्री होते. पण त्या दीड वर्षात किती गोष्टी! कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. १ मे १९८१ला आपल्या रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला. लंडनहून भवानी तलवार आणण्याची घोषणा झाली. तलवार काही आली नाही, पण घोषणेने महाराष्ट्र भारून गेला. निर्णयाचा झपाटा असा, की फाइल चालायच्या आधी हुकूम चालायचा. अंतुल्यांचे किस्से आजही लोक डोळे चमकावत सांगतात, आणि त्यातले बरेच खरेही असतील.

३१ ऑगस्ट १९८१ला अरुण शौरी यांचा लेख ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये आला. बांधकाम व्यावसायिकांना सिमेंटचा कोटा मिळतो आणि मुख्यमंत्र्यांच्या प्रतिष्ठानाला देणग्या मिळतात, या दोन गोष्टींचा संबंध त्यांनी मांडला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जानेवारी १९८२मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी तो संबंध मान्य केला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. पुढचे खटले अनेक वर्षं चालले, तो वेगळा विषय.

आपण या दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. एका कप्प्यात गरिबाच्या कागदावर तिथल्या तिथे सही करणारे दिलदार अंतुले, दुसऱ्यात सिमेंटवाले अंतुले. पण सही करण्याचा अधिकार तर एकच होता ना? म्हातारीच्या कागदावर जो मर्जीने चालतो, तोच बिल्डरच्या कागदावरही मर्जीने चालतो. एकाला आपण माणुसकी म्हणतो, दुसऱ्याला भ्रष्टाचार. नैतिकदृष्ट्या फरक आहे, मोठा आहे. पण यंत्र एकच आहे. पहिल्याला टाळ्या वाजवणाऱ्याने दुसऱ्याचं नवल करू नये. यात मीही आलो, कारण त्याच सुमारास मी माझ्या वीस पोत्यांचा किस्सा स्टाफरूममध्ये रंगवून सांगत होतो.

इथे कोणी म्हणेल, सर, रांगेत मरण्यापेक्षा कोणीतरी हात दिला ते काय वाईट? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. ज्याचं छप्पर गळतंय त्याला तत्त्वज्ञान सांगता येत नाही. पण अंतुल्यांच्याच कारकिर्दीत, १९८० साली, संजय गांधी निराधार योजना सुरू झाली. ती आजही चालू आहे. या वाडीतल्या एखाद्या आजीला त्यातून महिन्याला पैसे मिळत असतील, आणि ते कोणी सुरू केले हे तिला ठाऊकही नसेल. माझ्या मते ते त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम. कारण त्यांच्या मर्जीतून सुरू झालेली गोष्ट नियम झाली. मेहेरबानीचा हक्क झाला. आणि नेमका तिचाच किस्सा कोणी सांगत नाही.

अंतुल्यांनंतर बाबासाहेब भोसले आले. वर्षभराची कारकीर्द, पण विनोद म्हणाल तर एका पुस्तकाचे. आता हे लक्षात घ्या. ते मुख्यमंत्री झाले त्याच आठवड्यात, १८ जानेवारी १९८२ला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. त्यातले आपले किती! इथल्या घराघरांत पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा, तो यायचा थांबला. चाकरमानी गणपतीला आले ते परत गेलेच नाहीत, अशी घरं मी पाहिली आहेत. त्या वर्षाबद्दल विचारलं की लोक भोसल्यांचे विनोद सांगतात. न आलेली मनीऑर्डर सांगत नाहीत, कारण तिला शेवटी हशा येत नाही.

रंग वाईट, असं मी म्हणत नाही. मृणाल गोरे काय कमी रंगतदार होत्या? ‘पाणीवाली बाई’! अहिल्या रांगणेकर आणि त्या, सत्तरीच्या दशकातले लाटणे मोर्चे. पण त्यांचे किस्से ऐका, त्यात लाटणी घेतलेल्या बाया दिसतात. रॉकेल, तेल, साखर दिसते. त्या किश्श्यात रांगच पुढे चाललेली असते.

आणि दुसऱ्या टोकाला वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती. रोजगार हमी योजना ही त्यांची कल्पना. १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर उपयोगी पडली, पुढे तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, आणि ते हक्काने. दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाला साहेबांची चिठ्ठी लागत नव्हती. पाग्यांचा एक तरी किस्सा कोणाला येतो का? नाही ना? मलाही येत नाही.

अरुण साधूंना हे कळलं होतं. ‘सिंहासन’वर जब्बार पटेलांनी १९७९ साली चित्रपट केला, तो तुम्ही पाहिला असेल. त्यातला पत्रकार दिगू टिपणीस, म्हणजे निळू फुले, त्याला सगळ्यांचे सगळे डाव माहीत असतात. आणि अखेरीस तो वेड्यासारखा हसत सुटतो. आपण ते नेत्यांवरचं भाष्य समजतो. मला वाटतं, ते किस्से गोळा करणाऱ्यावरचंही आहे.

आता पोफळीचंच बोलतो. या डोंगराच्या पोटात १९६२पासून वीज तयार होते आहे. ती पाहायला मोठमोठे पाहुणे आले, भाषणं झाली. माझ्या लहानपणी त्या भाषणांच्या गोष्टी पडवीत रंगायच्या, आणि आम्ही त्या कंदिलाच्या उजेडात ऐकायचो. वीज आमच्या डोक्यावरून मुंबईला जात होती. आमच्या वाडीत ती आली नंतर काही वर्षांनी. पण गोष्टी ऐकताना कोणाच्या मनात आलं नाही, की हा कंदील अजून का आहे? एवढी ती भाषणं छान होती.

१९८२च्या फेब्रुवारीअखेर सिमेंटवरचं नियंत्रण बरंचसं सैल झालं. खुल्या बाजारात भाव चढाच होता, पण चिठ्ठी लागत नव्हती. शेजारच्या त्या बाईंनी दोन वर्षं पैसे साठवले आणि ओटा बांधला. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. मीही कधी काही बोललो नाही. आज त्या नाहीत, म्हणून जाहीरपणे सांगतो आहे. हे धैर्य नव्हे, हे मला कळतं.

तेव्हा कोणी साहेबांचा किस्सा सांगितला तर जरूर हसा. हसून झालं की एवढंच विचारा, त्या दिवशी रांगेत आणखी कोण होतं?

आता तुमचे प्रश्न घेऊ या.