क्रीडापटूचा नकार आणि विद्यापीठाचे उत्तर : एका ग्रंथाचे पुनर्वाचन

१

चळवळीच्या ऐन भरात लिहिलेला ग्रंथ बहुधा त्या चळवळीबरोबरच ओसरतो. हॅरी एडवर्ड्‌स यांच्या ‘द रिव्होल्ट ऑफ द ब्लॅक अ‍ॅथलीट’ या १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाविषयीही असेच भाकीत करता आले असते. लेखक स्वतः चळवळीचा प्रवर्तक, सूर आवेशाचा, विषय एका देशातील एका दशकापुरता. तथापि ग्रंथ टिकला, त्याची सुवर्णमहोत्सवी आवृत्तीही निघाली; आणि २०१५ च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील मिझुरी विद्यापीठात जे घडले, ते समजून घेऊ इच्छिणाऱ्या अभ्यासकास आजही या ग्रंथाकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही.

अशा ग्रंथाला द्रष्ट्याचे लेखन म्हणून गौरविणे सोपे आहे, आणि प्रचारपत्रक म्हणून बाजूस सारणेही तितकेच सोपे आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही वाटा टाळावयाच्या आहेत. मिझुरीच्या घटनेने एडवर्ड्‌स यांचे डावपेच खरे ठरविले. परंतु त्या डावपेचांमागील त्यांची मीमांसा अपुरी असल्याचेही त्याच घटनेने दाखवून दिले, असे आमचे मत आहे. या अपुरेपणात विद्यापीठ या संस्थेस अस्वस्थ करणारा एक प्रश्न दडलेला आहे.

२

ग्रंथाचा प्रारंभबिंदू म्हणजे १९६७ सालची कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथील घटना होय. एडवर्ड्‌स तेथे विद्यार्थिदशेत थाळीफेक व बास्केटबॉल खेळले होते, आणि पुढे तेथेच समाजशास्त्र शिकवू लागले होते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना राहावयास घर मिळण्यात, विद्यार्थिमंडळांत प्रवेश मिळण्यात आणि क्रीडाविभागाच्या वागणुकीत जो भेदभाव सोसावा लागे, त्याविरुद्ध त्यांनी विद्यार्थी संघटित केले. मागण्या मान्य न झाल्यास हंगामातील पहिला फुटबॉल सामना होऊ देणार नाही, असा इशारा देण्यात आला. अध्यक्ष रॉबर्ट क्लार्क यांनी अखेर तो सामनाच रद्द केला. तत्कालीन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांना हा निर्णय मुळीच रुचला नाही.

या प्रसंगातून एडवर्ड्‌स यांनी जो सिद्धांत काढला, तो सर्व ग्रंथाचा कणा आहे. अमेरिकन विद्यापीठात क्रीडा ही अभ्यासाची पुरवणी नसून संस्थेच्या वैभवाचे आणि उत्पन्नाचे साधन आहे. या साधनास जो राबतो त्याच्या हाती, त्याला जाणीव नसली तरी, एक शक्ती असते. अर्ज, शिष्टमंडळे आणि सभा यांनी जे साधत नाही, ते खेळण्यास नकार दिल्याने साधते. फेब्रुवारी १९६८ मधील न्यूयॉर्क अ‍ॅथलेटिक क्लबच्या स्पर्धांवरील बहिष्कार आणि १६ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको येथील विजयमंचावर टॉमी स्मिथ व जॉन कार्लोस या सॅन होझेच्याच दोन धावपटूंनी उंचावलेल्या मुठी, हे या सिद्धांताचेच पुढील आविष्कार होत.

ग्रंथाचे सामर्थ्य या मांडणीच्या स्वच्छतेत आहे. खेळाचे मैदान हे वर्णभेदातून मुक्त असे एक पवित्र क्षेत्र आहे, ही त्या काळी क्रीडावृत्तांतून नित्य पोसली जाणारी समजूत एडवर्ड्‌स यांनी समाजशास्त्रज्ञाच्या शिस्तीने मोडून काढली. ग्रंथाची उणीवही तितकीच स्पष्ट आहे. त्यातील बंडखोर हा जवळजवळ सर्वत्र पुरुष आहे. मेक्सिकोत शंभर मीटरची शर्यत सलग दुसऱ्या ऑलिंपिकमध्ये जिंकणाऱ्या वायोमिया टायस यांनी रिले शर्यतीतील आपले सुवर्णपदक स्मिथ व कार्लोस यांना अर्पण केले. ज्या चळवळीने स्त्रियांना विचारलेही नव्हते, त्या चळवळीला मिळालेला हा पाठिंबा ग्रंथाच्या चौकटीत कोठे बसवावा, हे कळत नाही. स्वतःच्या हितासाठी संघटित होणारा श्रमिक त्या चौकटीत बसतो. दुसऱ्यासाठी उभा राहणारा मात्र तिच्याबाहेर राहतो. या उणिवेकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

३

मिझुरी विद्यापीठाची कथा २०१५ पासून सुरू होत नाही. लॉइड गेन्स या कृष्णवर्णीय तरुणास तेथील विधिमहाविद्यालयाने प्रवेश नाकारला, तेव्हा १९३८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. परंतु १९३९ साली गेन्स शिकागो येथून बेपत्ता झाला आणि पुन्हा कोणास दिसला नाही. १९४० च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क विद्यापीठाचा फुटबॉल संघ मिझुरीत खेळावयास गेला, तेव्हा त्या संघातील लेनर्ड बेट्‌स या कृष्णवर्णीय खेळाडूस मागे ठेवण्यात आले. कारण यजमानांना कृष्णवर्णीय खेळाडू आपल्या मैदानावर नको होता. न्यूयॉर्कमधील सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांनी याचा निषेध केला. त्यांच्या सात पुढाऱ्यांना १९४१ साली विद्यापीठाने काही काळापुरते काढून टाकले, आणि २००१ साली त्याच विद्यापीठाने त्यांचा सत्कार केला. मिझुरीत पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला तो १९५० साली. २०१५ मधील आंदोलकांनी आपल्या गटास ‘कन्सर्न्ड स्टुडंट १९५०’ हे नाव दिले, ते याच सनावरून.

२०१५ च्या शरद ऋतूत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिवीगाळ झाल्याच्या घटना एकामागून एक पुढे आल्या. १० ऑक्टोबर रोजी माजी विद्यार्थ्यांच्या स्वागतोत्सवाच्या मिरवणुकीत या गटाच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठसमूहाचे अध्यक्ष टिम वुल्फ यांची मोटार अडविली आणि संस्थेतील वर्णद्वेषाचा इतिहास सन सांगून सांगून ऐकविला. अध्यक्ष मोटारीतून उतरले नाहीत. २ नोव्हेंबर रोजी जॉनथन बटलर या पदव्युत्तर विद्यार्थ्याने, अध्यक्ष पद सोडीपर्यंत अन्न न घेण्याचा निश्चय करून उपोषण आरंभिले. ७ नोव्हेंबरच्या सायंकाळी फुटबॉल संघातील कृष्णवर्णीय खेळाडूंनी जाहीर केले, की अध्यक्ष जाईपर्यंत आपण सरावात वा सामन्यात भाग घेणार नाही. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक गॅरी पिंकेल यांनी सर्व संघ खेळाडूंच्या पाठीशी असल्याचे सांगितले. ९ नोव्हेंबरच्या सकाळी वुल्फ यांनी राजीनामा दिला. कोलंबिया येथील परिसराचे चॅन्सेलर बोवेन लॉफ्टिन यांनीही त्याच दिवशी पद सोडण्याची घोषणा केली. खेळाडूंच्या घोषणेस तोवर दोन पूर्ण दिवसही लोटले नव्हते. १४ नोव्हेंबरचा कॅन्सस सिटी येथील सामना न झाल्यास करारानुसार विद्यापीठास दहा लक्ष डॉलर भरावे लागले असते.

ज्या विद्यापीठाने १९४० साली एका कृष्णवर्णीय खेळाडूस मैदानावर येऊ दिले नाही, त्याच विद्यापीठाला पंचाहत्तर वर्षांनी कृष्णवर्णीय खेळाडूंवाचून मैदानावर उतरणे अशक्य झाले. एडवर्ड्‌स यांच्या सिद्धांताला याहून सुबक दाखला शोधूनही सापडणार नाही.

तरीही येथे सावधगिरी हवी. राजीनामा खेळाडूंच्या घोषणेनंतर आला म्हणून तो केवळ तिच्यामुळे आला, असे म्हणणे हा तर्कदोष होय. विद्यार्थी कित्येक आठवडे झगडत होते, प्राध्यापकांतील असंतोष वाढत होता, आणि उपोषणाचा आठवा दिवस उजाडला होता. खेळाडूंनी आंदोलन निर्माण केले नाही. चालू आंदोलनाच्या पारड्यात त्यांनी आपले वजन टाकले. मात्र ते पारडे त्यानंतर किती झपाट्याने झुकले, हेही नाकारता येत नाही.

४

या प्रकरणातील दोन उक्ती वाङ्‌मयाच्या अभ्यासकाने शेजारी ठेवून वाचाव्यात अशा आहेत. ६ नोव्हेंबरच्या रात्री कॅन्सस सिटी येथे काही विद्यार्थ्यांनी वुल्फ यांना गाठून विचारले, की पद्धतशीर दडपणूक म्हणजे आपल्या मते काय? आपल्याला यशाची समान संधी आहे असा तुमचा विश्वास नसतो, म्हणून ती होते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. या वाक्यात द्वेष नाही. कदाचित सहानुभूती दाखविण्याचाही प्रयत्न असेल. परंतु त्याची रचना पाहावी. दडपणूक ही घडणारी गोष्ट उरत नाही. ती दडपलेल्याच्या विश्वासात जाऊन बसते. वस्तुस्थितीचे भावनेत रूपांतर झाले की तिचे उत्तरदायित्व कोणावरच राहत नाही. वर्षानुवर्षांच्या तक्रारी एखाद्या संस्थेत कशा विरून जातात, याचे रहस्य या एका वाक्यात सापडते.

खेळाडूंचे निवेदन याच्या नेमके उलट आहे. ते अवघ्या काही ओळींचे आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अन्यायविषयक सुप्रसिद्ध वचनाचा आधार, आपण काय करणार नाही याची घोषणा, आणि ती कोठवर याची मर्यादा. एवढेच त्यात आहे. यातील महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यात खेळाडूंनी स्वतःसाठी काहीही मागितलेले नाही. १९७० साली सिरॅक्यूज विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय खेळाडूंनी वसंतातील सरावावर बहिष्कार घातला होता; कृष्णवर्णीय साहाय्यक प्रशिक्षक, अभ्यासात साहाय्य, योग्य औषधोपचार अशा त्यांच्या मागण्या न्याय्य होत्या, पण त्या खेळाडूंच्या स्वतःच्या स्थितीविषयी होत्या. मिझुरीचे खेळाडू उठले ते उपाशी बसलेल्या एका सहाध्यायासाठी. एडवर्ड्‌स यांच्या मीमांसेत नकाराची शक्ती श्रमिकाच्या हितातून येते. येथे ती सहवेदनेतून आली, आणि श्रमिकाच्या स्थानामुळे परिणामकारक झाली. प्रेरणा आणि परिणाम यांतील हा भेद ग्रंथात नाही. टायस यांच्या पदकार्पणाला ग्रंथात जागा मिळत नाही, त्याचेही कारण हेच.

५

दुसरी त्रुटी अधिक गंभीर आहे. खेळाडूंच्या नकाराला यश केव्हा येते, याचे उत्तर केवळ नकाराच्या बळावरून देता येत नाही. १९६९ च्या ऑक्टोबर महिन्यात वायोमिंग विद्यापीठाच्या चौदा कृष्णवर्णीय खेळाडूंनी ब्रिगम यंग विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात दंडास काळ्या फिती बांधण्याचा विचार केला. ते विद्यापीठ ज्या पंथाचे आहे, त्या पंथात त्या काळी कृष्णवर्णीयांना पौरोहित्याचा अधिकार नव्हता. तो १९७८ साली मिळाला. हे चौदाजण फिती बांधून प्रशिक्षक लॉइड ईटन यांच्याशी चर्चा करावयास गेले. चर्चा झाली नाही. चौदाही जणांना संघातून काढून टाकण्यात आले. विश्वस्तांनी प्रशिक्षकाची बाजू घेतली, न्यायालयातही खेळाडूंना दाद मिळाली नाही. त्यांच्यावाचून खेळून संघाने तो सामना ४०-७ असा जिंकला. पण हंगामातील अखेरचे चार सामने गमावले, आणि पुढील वर्षी दहांपैकी एकच सामना जिंकला. विद्यापीठाने क्षमा मागितली ती २०१९ साली, पन्नास वर्षांनी.

२०१५ साली मिझुरीचा जो सामना होणार की नाही अशी शंका होती, तोही ब्रिगम यंग विद्यापीठाशीच होता. या योगायोगातून कोणताही गूढार्थ काढावयाचा नाही. तो केवळ तुलना सुलभ करतो. वायोमिंगच्या खेळाडूंनी तर खेळण्यास नकारही दिला नव्हता, फक्त विचारले होते. तरीही शक्ती त्यांच्या हातून गेली. कारण प्रशिक्षक, विश्वस्त आणि प्रेक्षक एका बाजूस होते आणि हे चौदा दुसऱ्या बाजूस. मिझुरीत प्रशिक्षक आणि श्वेतवर्णीय सहकारी फुटले नाहीत. म्हणजे शक्ती खेळाडूच्या स्थानात सुप्त असते खरी, परंतु तिला सामर्थ्य येते ते संघाच्या एकजुटीने. ही एकजूट आपोआप लाभत नाही, ती मिळवावी लागते. ग्रंथ जे गृहीत धरतो, ते वस्तुतः सिद्ध करावयाचे असते.

मिझुरीच्या विजयाचे पुढे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. त्याच डिसेंबरात राज्याच्या विधिमंडळात, आरोग्याखेरीज अन्य कारणास्तव खेळण्यास नकार देणाऱ्या खेळाडूची शिष्यवृत्ती काढून घ्यावी, असे विधेयक मांडण्यात आले आणि लवकरच मागेही घेण्यात आले. न खेळणाऱ्याची शिष्यवृत्ती बंद करावयाची, तर ती विद्येसाठी दिलेली वृत्ती नसून खेळाचे वेतन होते, हे उघडच झाले. एडवर्ड्‌स यांचे प्रमेय त्यांच्या विरोधकांनीच असे लेखी मान्य केले! इकडे दोन वर्षांत कोलंबिया परिसरातील प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची संख्या पस्तीस टक्क्यांहून अधिक घटली. माणसे गेली; संस्था बदलली की नाही, हा प्रश्न राजीनाम्यांनी सुटला नाही.

६

एडवर्ड्‌स यांनी विद्यापीठास एक व्यवहार करणारी संस्था मानले, आणि व्यवहारी संस्था ज्या भाषेत ऐकते त्या भाषेत बोलण्यास खेळाडूंना शिकविले. २०२५ पासून अमेरिकन विद्यापीठे खेळाडूंना उघडपणे द्रव्य देऊ लागली आहेत. तेव्हा त्यांचे हे वर्णन आज अधिकच यथार्थ वाटेल. परंतु या सिद्धांताचे यश हेच विद्यापीठाचे अपयश आहे, हे त्यांनी पुरेसे सांगितले नाही. इतिहास सन सांगून ऐकविला, तेव्हा मोटारीचे दार उघडले नाही. विद्यार्थी सहा दिवस उपाशी राहिला, तरी पद हलले नाही. सामना थांबण्याचा संभव निर्माण होताच मात्र सर्व काही हलले. ज्या संस्थेचे अस्तित्वच युक्तिवाद ऐकून घेण्यासाठी आहे, तिने पुरावा, वेदना आणि द्रव्यहानी या तिहींपैकी तिसऱ्यासच उत्तर द्यावे, याचा दोष खेळाडूंना देता येणार नाही. बंद दार वाजविण्यासाठी त्यांच्या हाती जे होते, ते त्यांनी वापरले.

म्हणून ‘द रिव्होल्ट ऑफ द ब्लॅक अ‍ॅथलीट’ हा ग्रंथ खेळाडूंनी वाचावाच. पण त्यांच्याहीपेक्षा तो प्राध्यापकांनी आणि विद्यापीठाच्या चालकांनी वाचला पाहिजे. खेळाडूस त्यात आपल्या शक्तीचे दर्शन घडेल. आपणांस मात्र त्यात असे एक विद्यापीठ दिसेल, ज्याला शब्दाने जागे करता येत नाही. आपले विद्यापीठ तसे नाही, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही मैदानावरून प्राप्त होत नाही. तो वर्गात, कार्यालयात आणि तक्रार घेऊन आलेल्या विद्यार्थ्याशी होणाऱ्या पहिल्याच भेटीत मिळवावा लागतो.