सोळांत खरे किती?

1914 साली हवामान खात्यातर्फे गिल्बर्ट वॉकर यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय रुक्ष: दोन गोष्टींतला संबंध खरा की योगायोग, हे ओळखायचं कसं? वॉकर हे खात्याचे प्रमुख. मान्सूनचा आगाऊ अंदाज देण्यासाठी हिमालयातला बर्फ, मॉरिशसचा वायुदाब, झांजिबारचा पाऊस असे धागे हुडकणं हेच त्यांचं काम. आणि या गृहस्थाने स्वतःच्याच धंद्याला कात्री लावली! वीस धागे तपासून त्यांतला सर्वांत घट्ट तेवढा दाखवाल, तर त्याला एकट्याचं माप लावू नका, असं त्यांचं म्हणणं. विसांतला सर्वांत मोठा योगायोग केवढा असू शकतो, ते माप लावा. आजच्या भाषेत, पाच टक्क्यांच्या कसोटीवर वीस परस्परस्वतंत्र, पूर्ण निरुपयोगी चलं उभी केली, तरी निदान एक उत्तीर्ण होण्याची शक्यता 64 टक्के. नापास झालेल्यांची संख्या कळल्याशिवाय पास झालेल्याचं कौतुक करू नये, ही वॉकर यांची शिस्त मला फार देखणी वाटते.

वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने 1988 मध्ये आलेलं मान्सूनच्या अंदाजाचं सोळा घटकांचं प्रारूप या नजरेने वाचावं. घटकांवरून पावसाचं गणित मांडणाऱ्या रिग्रेशनमधली टी-कसोटी प्रत्येक घटकाला विचारते: बाकीचे पंधरा हजर असताना तू नवीन काय सांगतोस? गंमत इथेच आहे. एल निनो आणि ऑस्ट्रेलियातल्या डार्विनचा वायुदाब बरेचसे एकाच तालावर हलतात. एक जागेवर असला की दुसरा बिनकामाचा भासतो. म्हणून दोघांनाही हाकलायचं? तसं नाही. दोघांना एकदम काढून चूक किती वाढते, हे एफ-कसोटीने पाहायचं.

1988 ते 2001 देशव्यापी दुष्काळ पडलाच नाही, त्यामुळे प्रारूपाची खरी परीक्षाही झाली नाही. 2002 ला अंदाज सरासरीच्या 101 टक्के, पडला 81. पुढच्या वर्षी पावसाशी संबंध ओसरलेले घटक वगळून खात्याने आठ आणि दहा घटकांची प्रारूपं आणली. 2002 मध्येच डेलसोल आणि शुक्ला या हवामानशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं, की घटक निवडण्याच्या नेहमीच्या रीतींपेक्षा मागच्या 25 वर्षांची नुसती सरासरी बरी ठरते. सरासरीपासून जपून, थोडंच हलणारं प्रारूप तिच्याहून किंचित सरस.

पण कोकणातल्या कसालच्या माणसाला देशाच्या सरासरीचं काय? मिरगात भाताचा तरवा टाकायचा तो इथल्या पावसावर. पण कसालच्या वर्षावर्षाच्या पावसाचं रिग्रेशन मांडलंच, तर त्यात सह्याद्रीला जागा मिळणार नाही. समुद्रावरून येणारा वारा वर चढवून कोकणात एवढा पाऊस पाडतो तो. पण तो वर्षागणिक बदलत नाही, आणि जे बदलत नाही त्याचा सहगुणक काढताच येत नाही.