एका घरात किती सोंगट्या?

युद्धखेळाच्या नियमपुस्तिकेत एक कलम हमखास असते : पटावरच्या एका घरात जास्तीत जास्त किती सोंगट्या ठेवता येतील? खेळाडू त्याला ‘स्टॅकिंग लिमिट’ म्हणतात. दिसायला हे कलम जागेच्या हिशेबाचे आहे, पण मनुष्यहानीचे गणित तेच ठरवते. माणसे एकत्र राहिली तर वाचतात की एकत्र मरतात, या प्रश्नाचे त्या त्या खेळाचे उत्तर त्यात दडलेले असते. हे उत्तर गडचिरोलीच्या जंगलात कितपत टिकते, ते येथे पाहायचे आहे.

आपल्या सारीपाटाचे उत्तर स्पष्ट आहे. एकटी सोंगटी मारली जाते. दोन एका घरात आल्या की ‘जुग’ होते आणि ते मारणे अवघड. ‘जुग फुटणे’ हा शब्दप्रयोग तिथूनच आला. अमेरिकेतील ॲव्हलॉन हिल कंपनीचे जुने खेळ याच विचाराचे. 1964 च्या ‘आफ्रिका कोर’मध्ये एका घरात तीन सोंगट्या चालतात आणि बचावाच्या वेळी त्यांचे बळ एकत्र धरता येते. समजा हल्ल्याचे बळ 12 आहे. समोर 4 बळाची एकच सोंगटी असेल, तर प्रमाण तीनास एक. तशा तीन असतील, तर एकास एक. फासा टाकताना हल्लेखोराचाच हात थरथरावा. म्हणजे गर्दी हेच चिलखत. मात्र माघारीची वाट शत्रूने रोखलेली असेल, तर सगळा ढीग एकदम पटावरून उचलावा लागतो.

1977 च्या ‘स्क्वाड लीडर’ने हा हिशेब उलटा केला. त्यात गोळीबार सोंगटीवर नव्हे, घरावर होतो. घरात एक तुकडी असो वा तीन, माऱ्याची धार वाटली जात नाही. ती प्रत्येकीला लागते. फासा वाईट पडला तर घरातले सगळेच जातात. येथे गर्दी हे चिलखत नाही, ती शत्रूची सोय आहे. मोकळ्या मैदानातील आघाडीला पहिले गणित लागू पडते, तर दबा धरून बसलेल्या शत्रूला दुसरे.

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीने हे दुसरे गणित वारंवार भोगले आहे. 27 मार्च 2012 रोजी धानोरा तालुक्यात पुस्टोलाजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाची बस भूसुरुंगाने उडवली गेली. 12 जवान गेले. 1 मे 2019 रोजी कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला शीघ्र कृती पथकाचे 15 पोलीस आणि त्यांच्या खासगी वाहनाचा चालक एकाच स्फोटात ठार झाले. आदल्या रात्री रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली गेली होती, तिकडे ते निघाले होते. भूसुरुंग किती माणसे आहेत ते विचारत नाही. वाहन हेच त्याचे घर. पटावर मर्यादा ओलांडू लागलात तर समोरचा खेळाडू पुस्तिका दाखवून थांबवतो. रस्त्यावर घाई असते, आणि पुस्तिका दाखवणारे कोणी नसते.

मग पांगून पायी चालावे, हाच धडा का? 1990 मध्ये उभ्या राहिलेल्या सी-60 पथकाची ओळख जंगलातल्या पायी गस्तीची आहे. पण जुगाचा नियमही खोटा नाही. 8 ऑक्टोबर 2009 रोजी भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ 17 पोलीस मारले गेले, ते पायी गस्तीवरच. पांगलेल्यांना एकमेकांच्या मदतीला धावणे कठीण. म्हणून आकडा तीन की चार, हा वाद दुय्यम आहे. एकत्र येण्याची किंमत आणि विखुरण्याची किंमत या दोन्ही जो खेळ खेळाडूकडून वसूल करतो, तो या जंगलाच्या जवळ जातो. ‘स्क्वाड लीडर’ त्यामुळेच ‘आफ्रिका कोर’पेक्षा सरस ठरतो.

तरीही एक उणीव दोघांतही उरते. 22 एप्रिल 2018 रोजी बोरिया-कसनासूरला इंद्रावतीकाठी माओवाद्यांच्या तळावर पोलिसांनी हल्ला केला. नदीतून निघालेले मृतदेह धरून मृतांचा आकडा सुमारे 40 वर गेला. एका घरात दाटलेल्या ढिगाचे गणित दोन्ही बाजूंना सारखेच लागू पडते, हे त्यातून दिसले. पण गट्टेपल्ली गावच्या कुटुंबांनी सांगितले, की आमची मुले लग्नाला म्हणून निघाली होती. पोलिसांचे म्हणणे, की ती नव्याने भरती झालेली होती. पटावरच्या प्रत्येक सोंगटीचा रंग आधीच छापलेला असतो. येथे वाद रंगाचाच होता, आणि तोही सोंगटी उचलली गेल्यावरचा.

युद्धखेळातील घरात फक्त लढणारे मोजले जातात. वाटेने जाणारे, सरपण-तेंदूपाने गोळा करणारे, गाडीचा चालक यांना सोंगटीच नसते. त्यामुळे घर रिकामे दिसते आणि नियमात बसते. जांभुळखेड्याच्या यादीत पंधरांनंतर एक नाव चालकाचे आहे. हानीचे गणित मांडणाऱ्या नियमाची परीक्षा करायची, तर त्या सोळाव्या माणसाला त्याने कोणत्या घरात ठेवले आहे, हे आधी विचारावे लागेल.