रुग्णाचा शब्द आणि नोंदीचा संकेत

भारत सरकारने २०१३ साली प्रसृत केलेल्या व २०१६ साली सुधारलेल्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य-नोंदींच्या मानकांत ‘स्नोमेड सीटी’ ही संकेतबद्ध परिभाषा स्वीकारलेली आहे. कागदी नोंद पुष्कळदा दुर्वाच्य असते व एकाच दप्तरात अडकून पडते. संकेतामुळे ती सर्वत्र एकाच अर्थाने वाचता येते, हा लाभ निर्विवाद होय. परंतु मराठी रुग्ण ‘जीव घाबरा होतो’ म्हणतो, तेव्हा धडधड, धाप की भीती अभिप्रेत आहे, हे संदर्भावरूनच ठरते. संकेत निवडताना वैद्य त्यांतील एक अर्थ पक्का करतो. पुढील वाचकास तेच रुग्णाचे कथन वाटते. निदान चुकल्यास, मूळ शब्द जपला नसेल तर, मागे परतावयास वाट नाही. म्हणून संकेताशेजारी रुग्णाचे वाक्य जसेच्या तसे उतरविणे, ही अशा नोंदीची पहिली अट मानावयास हवी.