कॉफी नाकारणारा सैनिक : मॉर्मन सिनेमा आणि युद्धपट

मॉर्मन सिनेमा म्हणजे मॉर्मनांविषयीचे चित्रपट की मॉर्मनांनी काढलेले चित्रपट, याचे उत्तर काळानुसार बदलले आहे. जोसेफ स्मिथने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. चौदा वर्षांनी इलिनॉयमध्ये जमावाने त्याला ठार मारले. ब्रिगहॅम यंगच्या मागोमाग हजारो अनुयायी १८४७ पासून युटाच्या ओसाड खोऱ्यात येऊन राहिले. बहुपत्नीत्वामुळे हा समाज जगभर बदनाम झाला होता. चर्चने १८९० मध्ये ती प्रथा अधिकृतपणे सोडली, पण बदनामी उरली आणि मूक सिनेमाने ती उचलली. डेन्मार्कचा ‘अ व्हिक्टिम ऑफ द मॉर्मन्स’ (१९११) आणि ब्रिटनचा ‘ट्रॅप्ड बाय द मॉर्मन्स’ (१९२२) या दोन्ही चित्रपटांत मॉर्मन प्रचारक तरुण मुलींना जाळ्यात ओढणारा खलनायक आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या १९१३ साली आला, त्याच साली ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ मॉर्मोनिझम’ या लांबलचक चित्रपटाने मॉर्मनांची बाजू मांडण्याचा प्रयत्न केला. पुढे हॉलिवुडचा सूर निवळला. हेन्री हॅथवेच्या ‘ब्रिगहॅम यंग’मध्ये (१९४०) आणि जॉन फोर्डच्या ‘वॅगन मास्टर’मध्ये (१९५०) मॉर्मन म्हणजे वाळवंट तुडवत जाणारी कष्टाळू माणसे आहेत. फोर्डचा चित्रपट आजही ताजा वाटतो. मात्र त्यालाही या लोकांच्या श्रद्धेपेक्षा त्यांच्या वाटचालीतच अधिक रस आहे.

ब्रिगहॅम यंग विद्यापीठात १९५३ मध्ये चित्रपट स्टुडिओ उभा राहिला. डिस्नेमधून आलेल्या जज व्हिटेकर यांनी तो चालवला. तिथले बहुतेक चित्रपट चर्चच्या वर्गांत दाखवण्यासाठी काढलेले बोधपट होते आणि त्यांचा प्रेक्षक आधीच ठरलेला असे. तिकीट काढून थिएटरात जावे असा, मॉर्मनाने मॉर्मनांविषयी काढलेला आधुनिक चित्रपट २००० साली आला : रिचर्ड डचरचा ‘गॉड्स आर्मी’. सुमारे तीन लाख डॉलरांत झालेल्या या चित्रपटाने पंचवीस लाखांहून अधिक डॉलर मिळवले. लॉस एंजेलिसमध्ये दारोदार फिरणारे प्रचारक त्यात थकतात, भांडतात, त्यांच्या मनात शंका येतात आणि एक जण श्रद्धा सोडून निघूनही जातो. त्यानंतर ‘द सिंगल्स वॉर्ड’, ‘द आर. एम.’ अशा विनोदी चित्रपटांची लाट आली. त्यांतले विनोद युटाबाहेरच्या माणसाला समजावून सांगावे लागतात, त्यामुळे त्यांच्याविषयी फार बोलण्यासारखे नाही.

डचरचा पुढचा चित्रपट ‘ब्रिगहॅम सिटी’ (२००१) मात्र थांबून पाहावा असा आहे. वरवर ती खून आणि तपासाची कथा आहे. युटातल्या एका छोट्या गावचा शेरीफच तिथल्या मंडळीचा बिशप आहे. मॉर्मन समाजात बिशप हा पगारी धर्मगुरू नसतो, तो गावातलाच कोणी कामकरी माणूस असतो. आपले गाव सुरक्षित आहे, या शेरीफच्या विश्वासाचा खुनी फायदा घेतो. अखेरच्या प्रसंगात रविवारची सभा भरते आणि पाव-पाण्याचा प्रसाद फिरू लागतो. आपण अपात्र आहोत असे वाटून शेरीफ तबकाला हात लावत नाही. तबक पुढच्या रांगेत जाते, तिथेही कोणी घेत नाही, मग त्याच्या मागच्या रांगेतही नाही. अख्खी सभा त्याच्यासाठी थांबते. तबक पुन्हा त्याच्यापाशी येते. हा विधी आधी कधी न पाहिलेल्या प्रेक्षकालाही प्रसंगाचा अर्थ आपोआप कळतो. मॉर्मन सिनेमाने स्वतःच्या चालीरीतींतून काढलेला याच्या तोडीचा दुसरा प्रसंग सहज आठवत नाही. डचरने पुढे २००७ मध्ये चर्च सोडले. या सिनेमाचे ते मोठे नुकसान होते.

युद्धपट आणि मारधाडीच्या चित्रपटांचा प्रश्न मॉर्मन प्रेक्षकांपुढे वेगळ्या रूपात आला. अमेरिकेत ‘आर’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला सतरा वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय प्रवेश मिळत नाही. चर्चचे अध्यक्ष एझ्रा टॅफ्ट बेन्सन यांनी १९८६ मध्ये तरुणांना असे चित्रपट पाहू नका असे बजावले आणि अनेक कुटुंबांनी ती घरातल्या सगळ्यांसाठीच मर्यादा मानली. परिणामी ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’सारखा युद्धपट त्यांच्यासाठी बंद झाला. त्यातूनच युटात नग्नता, शिव्या आणि रक्तपात कापून चित्रपट विकणारे व्यवसाय निघाले. ‘क्लीनफ्लिक्स’ हा त्यांतला सर्वांत गाजलेला. २००६ मध्ये डेन्व्हरच्या न्यायालयाने हा स्वामित्वहक्काचा भंग असल्याचा निकाल दिला. त्यामागची गरज मात्र खरी होती. या प्रेक्षकांना युद्ध पाहायचे होते, पण घरच्या नियमांत राहून.

ही गरज ‘सेंट्स अँड सोल्जर्स’ने (२००३) भागवली. दिग्दर्शक रायन लिटल यांनी दहा लाख डॉलरांहून कमी खर्चात, युटाच्याच बर्फात दुसऱ्या महायुद्धाचा बेल्जियम उभा केला. युद्धप्रसंगांची हौसेने पुनर्रचना करणारे लोक आपापले गणवेश आणि सामान घेऊन आले आणि त्यामुळे चित्र खर्चाच्या मानाने कितीतरी भरीव दिसते. आधी मिळालेले ‘आर’ प्रमाणपत्र काही कापाकापीनंतर त्याहून सौम्य ‘पीजी-१३’ झाले. १७ डिसेंबर १९४४ रोजी माल्मेडीजवळच्या बोन्येझ चौकात एसएस सैनिकांनी शरण आलेल्या ८४ अमेरिकनांना गोळ्या घातल्या. या हत्याकांडातून निसटलेले काही जण आणि वाटेत भेटलेला एक ब्रिटिश वैमानिक शत्रूच्या भूभागातून आपल्या फौजेकडे निघतात, एवढीच कथा आहे.

यातला कॉर्पोरल ग्रीअर, म्हणजे सोबत्यांचा ‘डीकन’, सिगारेट ओढत नाही. हाडे गोठवणाऱ्या थंडीतही कॉफी घेत नाही. त्याच्याजवळ एक छोटे पुस्तक असते. तो ॲरिझोनातल्या स्नोफ्लेक गावचा आहे आणि युद्धाआधी धर्मप्रचारासाठी जर्मनीत राहिल्यामुळे त्याला जर्मन येते. ‘मॉर्मन’ हा शब्द चित्रपटात कुठेच येत नाही. मॉर्मनांना तंबाखू आणि कॉफी वर्ज्य आहे हे ठाऊक असलेल्याला पहिल्या दोन खुणांतच सगळे कळते. ज्याला या पंथाची काहीच माहिती नाही, त्याला एक अबोल, नेमबाज, झोप उडालेला सैनिक दिसतो आणि त्यालाही चित्रपट पुरेपूर भिडतो. ही संयत हाताळणी हेच या चित्रपटाचे मोठे यश आहे. डीकनची झोप उडाली आहे, कारण एका चकमकीत नकळत त्याच्या हातून बायका-मुले मारली गेली आहेत. पुढे एक जर्मन सैनिक पकडला जातो, तेव्हा प्रचारकाच्या दिवसांतली जुनी ओळख निघते आणि डीकन त्याला सोडून देतो. सोबती संतापतात आणि त्यांचा संताप चुकीचा नाही. दिग्दर्शक इथे कोणाच्याच बाजूने झुकत नाही.

मेल गिब्सनच्या ‘हॅकसॉ रिज’शी (२०१६) तुलना केली की फरक स्पष्ट होतो. तिथला नायक डेस्मंड डॉस सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट आहे आणि बंदुकीला हातही लावत नाही. त्याची श्रद्धा एका ठाम नकारात मावते. डीकनचा धर्म त्याला कॉफीपासून दूर ठेवतो, बंदुकीपासून नाही. मारणे कर्तव्य आहे आणि मारल्याचे ओझेही आपलेच आहे, या दोहोंच्या मध्ये तो उभा आहे. नाट्य म्हणून ही जागा अधिक अवघड आणि अधिक खरी आहे. कापाकापीचा तोटाही दिसतो : गोळी लागते, पण जखम फारशी दिसत नाही. तरी चित्रपटाची भीती थंडी, भूक आणि थकव्यातून येते, त्यामुळे ही उणीव जाणवत असली तरी डोईजड होत नाही.

‘सेंट्स अँड सोल्जर्स’चे पुढचे दोन भाग या उंचीला पोचले नाहीत. ‘एअरबोर्न क्रीड’ (२०१२) दक्षिण फ्रान्समध्ये उतरलेल्या छत्रीधारी सैनिकांचा आहे. तो नीटनेटका आहे, पण त्यात नवे काही नाही. ‘द व्हॉइड’मध्ये (२०१४) १९४५ च्या जर्मनीत रणगाडाविरोधी तुकडीतल्या कृष्णवर्णीय सार्जंटला आपल्याच गोऱ्या सैनिकांचा द्वेष सोसावा लागतो. विषय मोलाचा आहे. मॉर्मन चर्चही १९७८ पर्यंत अनेक दशके कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद नाकारत आले होते. चित्रपट सैन्यातला वर्णद्वेष दाखवतो, पण घरातल्या या गोष्टीपर्यंत येत नाही, आणि तिथेच त्याची धार बोथट होते.

गॅरेट बॅटी यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या ‘द साराटोव्ह ॲप्रोच’मध्ये (२०१३) १९९८ साली रशियात दोन प्रचारकांचे झालेले अपहरण आहे. जवळजवळ सगळा ताण एका खोलीत कोंडलेला आहे आणि मारहाणीपेक्षा वाट पाहणेच अधिक जीवघेणे ठरते. ‘फ्रीटाऊन’ (२०१५) लायबेरियाच्या यादवी युद्धातला आहे. तिथले स्थानिक आफ्रिकी प्रचारक एका छोट्या मोटारीत दाटीवाटीने बसून सिएरा लिओनकडे निघतात. त्यांच्यातला एक जण बंडखोर ज्यांना वेचून मारत आहेत त्या क्रान जमातीचा आहे, त्यामुळे प्रत्येक नाक्यावर प्रेक्षकाचाही श्वास अडकतो. घानामध्ये चित्रित झालेल्या या चित्रपटात मॉर्मन म्हणजे युटातला गोरा मुलगा, हा समज नकळत गळून पडतो. त्याला याहून मोठा प्रेक्षक मिळायला हवा होता.

या सिनेमाला विषयांची वाण नाही. ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथच लढायांनी भरलेला आहे. त्यात किल्ले बांधणारा सेनापती मोरोनाय आहे. पूर्वीच्या रक्तपाताचा पश्चात्ताप होऊन शस्त्रे जमिनीत पुरणारा समाजही आहे. शत्रू चालून आल्यावर ही माणसे त्याच्यापुढे आडवी पडतात. त्यांतले एक हजार पाच जण मारले गेल्यावर मारेकऱ्यांचेच हात थांबतात. या ग्रंथावरचा २००३ चा चित्रपट खोट्या दाढ्या आणि कोरड्या संवादांत वाया गेला. चर्चने २०१९ पासून काढलेल्या लघुपटांची निर्मिती कितीतरी सरस आहे, पण त्यांचा हेतू शिकवण्याचा आहे. डीकनच्या मनातले द्वंद्व याच ग्रंथात रुजलेले आहे. तरीही शस्त्रे पुरणाऱ्या त्या माणसांवर कसदार, पूर्ण लांबीचा युद्धपट झालेला नाही.

समाजाच्या स्वतःच्या जखमा दाखवतानाही हात आखडतो. ११ सप्टेंबर १८५७ रोजी माउंटन मेडोजमध्ये मॉर्मन शिबंदीने सुमारे १२० वाटसरूंची कत्तल केली. त्यावरचा ‘सप्टेंबर डॉन’ (२००७) बाहेरच्यांनी काढला आणि तो इतका भडक आहे की त्यातून समज वाढत नाही. आतून आलेला, त्या कत्तलीच्या डोळ्याला डोळा भिडवणारा कथापट अजून हवा आहे. हेल्मुट ह्युबेनरच्या बाबतीत ही कोंडी फुटली. हॅम्बुर्गचा हा सतरा वर्षांचा मॉर्मन मुलगा लपून बीबीसीच्या बातम्या ऐके आणि हिटलरविरोधी पत्रके वाटे. नाझींनी २७ ऑक्टोबर १९४२ रोजी बर्लिनमध्ये त्याचा शिरच्छेद केला. त्याआधी त्याच्या स्थानिक मंडळीच्या प्रमुखाने त्याला चर्चमधून काढून टाकले होते. युद्धानंतर त्याचे सदस्यत्व परत देण्यात आले. दिग्दर्शक मॅट व्हिटेकर यांनी २००२ मध्ये त्याच्यावर माहितीपट केला. त्याच कथेवरचा त्यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट ‘ट्रुथ अँड ट्रीझन’ पडद्यावर यायला २०२५ साल उजाडले.